आश्विनातली शाळा, कार्तिकातला पट

घट बसले की आपल्या भागातल्या शाळांना निराळाच रंग चढतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा सारा चिखल, गळके छप्पर, नव्या पुस्तकांचा वास आणि पहिलीतल्या पोरांचे रडणे. त्यातच महिना निघून जातो. पुढे श्रावण-भादवा सणावारात सरतात. शाळेची घडी खऱ्या अर्थाने बसते ती आश्विनात. पहिलीतले पोर तोवर बाईंच्या ओळखीचे झालेले असते, तिसरीतल्याला गुणाकाराची वाट सापडलेली असते, आणि गुरुजींनाही कोणत्या पोराचे कुठे अडते ते उमगलेले असते. बाहेर पाऊस उघडलेला, बांधावर तरवड पिवळाधमक फुललेला, मैदानावरचे गवत गुडघ्याएवढे. वर्गात बसवत नाही अशी हवा आणि शिकायला सगळ्यांत चांगले दिवस, असे दोन्ही एकदमच येते.

आज ह्या दिवसांतल्या शाळेबद्दल चार गोष्टी बोलायच्या आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून बोलतो. (म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून औरंगाबादच येते, नाव २०२३ साली बदलले.) पैठणचा ऊस आणि मोसंबी, सिल्लोडची मिरची आणि मका, वैजापूर-गंगापूरचा कांदा आणि कापूस, कन्नड-सोयगावच्या डोंगरातले तांडे. नऊ तालुक्यांची तऱ्हा नऊ प्रकारची, पण जिल्हा परिषदेच्या शाळेचा आश्विन बहुतेक ठिकाणी सारखाच.

दसऱ्याची पाटी तुम्हांला आठवत असेल. घासून-पुसून काळीभोर केलेल्या पाटीवर एकाच्या आकड्याला एकाचा आकडा जोडत सरस्वती काढायची, तिला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान ठेवायचे. आता पाट्या थोड्या उरल्या. मुले वहीच्या पानावर काढतात, एखाद्या शाळेत फळ्यावर मोठी काढून सगळा वर्ग तिच्यापुढे उभा राहतो. पण सरस्वती तीच, एकांची. कोणी पहिल्यांदा काढली कोण जाणे, काढणारा मोठा हुशार शिक्षक असला पाहिजे. पोराला सर्वांत आधी येतो तो आकडा एक. तेवढ्याच भांडवलावर त्याला देवी काढता येते. डावीकडे जितके एक तितकेच उजवीकडे, नाहीतर देवी वाकडी होते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. समभाग, मोजणी, हाताचे वळण, सारे त्यात आले. खंडेनवमीला घरी औत, विळा, कुऱ्हाड पूजेला मांडतात, त्यांच्या पंगतीला पोराचे दप्तरही मांडतात. पुस्तके पूजेत म्हणजे त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. पोरांना हा सण आवडतो त्याचे अर्धे कारण हेच.

आपट्याचाही एक धडा आहे. सोने म्हणून जी पाने आपण लुटतो त्यांत पुष्कळदा आपट्याऐवजी कांचनाची पाने असतात. दोन्ही जुळी पाने, दोन्ही एकाच कुळातली झाडे. पण आपट्याचे पान लहान आणि जाडसर, कांचनाचे मोठे. मुलांना दोन्ही हातांत देऊन फरक सांगायला लावावा. एकदा ओळख पटली की पोरगे पुढच्या वर्षी बापालाही ‘बाबा, हा कांचन आहे’ म्हणून थांबवते. आणि सोने लुटायच्या नावाखाली सबंध फांद्या ओरबाडायच्या, ही रीत काही देवाने घालून दिलेली नाही.

पण आश्विनातल्या शाळेचा सर्वांत मोठा धडा देवघरात असतो. घट बसतात तेव्हा आपल्याच शेतातली काळी माती पत्रावळीत किंवा टोपल्यात घेतो, तीत गहू, ज्वारी आणि घरात असतील ती धान्ये पेरतो, मध्ये पाण्याचा कलश ठेवतो. नऊ दिवसांत वीतभर रोपे येतात आणि दसऱ्याला ती टोपीत, फेट्यात खोवून माणूस शिलंगणाला निघतो. आता हे पोराच्या अंगाने पाहा. कोणते धान्य कितव्या दिवशी वर आले? गव्हाला आणि हरभऱ्याला सारखेच दिवस लागले का? आणि मुख्य म्हणजे, घटातली रोपे अशी पिवळट आणि लांबुडकी का, शेतातली हिरवी आणि ठेंगणी का? देवघरात ऊन नाही, म्हणून रोप उजेड शोधत लांबते आणि हिरवे होत नाही. पाचवीतल्या परिसर अभ्यासात हे छापील येते ते नंतर. पोराने ते देवघरात आधीच पाहिलेले असते. गुरुजींनी किंवा बाईंनी नुसते विचारायचे असते.

आणि हे दिवस योगायोगाचे नाहीत. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तिच्यामागोमाग हरभरा, मग गहू. म्हणजे घट बसतात तेव्हा घरोघरी बियाण्याची पोती सोडायची वेळ झालेली असते. आपले बी उगवणार की नाही याची परीक्षा घ्यायला जुन्या माणसांनी नेमकी हीच वेळ धरलेली दिसते. तिला आता थोडी मोजमापाची जोड दिली की झाले, आणि ती द्यायला शाळेसारखी जागा नाही.

रीत अगदी सोपी आहे. गोणपाटाचा हातभर तुकडा धुऊन ओला करावा. घरच्या बियाण्याच्या पोत्यातून वरचे, मधले, खालचे असे मिसळून मूठभर बी घ्यावे आणि न निवडता त्यातले शंभर दाणे मोजावेत. निवडून टपोरे घेतले तर परीक्षा फुकट गेली. दहा-दहाच्या दहा ओळी गोणपाटावर मांडून वरून दुसरा ओला तुकडा घालावा, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले मोड आलेले दाणे मोजावेत. शंभरातले जितके उगवले तितकी शेकडा उगवण. ज्वारीला किमान ७५, गव्हाला आणि हरभऱ्याला किमान ८५ ही प्रमाणित बियाण्याची कसोटी आहे. समजा एका घरच्या ज्वारीचे साठच दाणे उगवले. एकरी चार किलो बी पेरायचे ते पंचाहत्तरच्या हिशेबाने; मग साठच उगवत असतील तर किती लागेल? चार गुणिले पंचाहत्तर भागिले साठ, पाच किलो. हे उदाहरण फळ्यावर लिहिले तर पोरे जांभया देतील. घरच्या पोत्याचे म्हणून सांगितले तर पोरगे धावत घरी जाऊन बापाला सांगते, आणि बापही ऐकतो. उगवण फारच कमी निघाली तर मात्र जास्त पेरण्यापेक्षा ते बी खायला ठेवून दुसरे आणलेले बरे.

एक सावधगिरी. ही परीक्षा औषध न लावलेल्या बियाण्याचीच करायची. काणी रोगासाठी ज्वारीला गंधक चोळतात. तसले चोळलेले किंवा पिशवीतले रंगीत बी मुलांच्या हाती अजिबात देऊ नये.

आता थोडे मागे, सप्टेंबरातल्या १७ तारखेकडे येतो. महाराष्ट्रातल्या इतर शाळांत झेंडा वर्षातून तीनदा चढतो, आपल्याकडे चौथ्यांदाही चढतो. पोरे प्रभातफेरी काढतात, घोषणा देतात, गोळ्या घेऊन घरी येतात. पण हे कशाचे ते विचारले तर बरीच पोरे गप्प. १९४८ साली त्या दिवशी निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले, इतके पुस्तकात आहे. शाळेच्या बाजूने सांगण्यासारखे आणखी आहे. निजामी राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. ज्याच्या घरी मराठी, त्याने दुसऱ्याच भाषेत शिकायचे. अशा वेळी १९१५ साली औरंगाबादेत सरस्वती भुवन ही शाळा लोकांनी उभी केली. स्वामी रामानंद तीर्थ हे लढ्याचे नेते झाले त्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या पोरांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, पोरांनी ऐकले नाही, नावे कापली गेली. लोण हैदराबादपर्यंत पोचले आणि शेकडो विद्यार्थी विद्यापीठातून बाहेर पडले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले म्हणून त्यांचे शिक्षण पुरे झाले. त्यांतच पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही होते.

गावातल्या शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या त्या १९६२ नंतर. ज्यांच्या आजोबांना अंगठा उठवावा लागे, त्यांच्या दारापर्यंत मराठी शाळा आली, त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. घरात नव्वदीच्या घरातले कोणी आजोबा-आजी असतील तर एकदा शाळेत नेऊन बसवावे आणि त्यांच्या लहानपणी गावात शाळा होती का, कोण शिकवी, मुली जात का, एवढेच मुलांनी विचारावे. दोन-चार वर्षांनी विचारायचे म्हटले तर सांगणारे राहणार नाहीत.

खिचडीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा हिशेब आहे. सहावी ते आठवीला धान्य १५० ग्रॅम. ह्यांतली भाजीच नेहमी कमी पडते. ज्या शाळेला कुंपण आणि पाणी आहे तिथे परसबाग होऊ शकते, आणि मेथी, पालक, मुळा लावायला आश्विनासारखा महिना नाही. हात धुतलेले पाणीच वाफ्याला सोडावे. स्वयंपाक करणाऱ्या बायका गावातल्याच असतात, त्यांना थोड्या पैशांत मोठे काम असते. पालकांपैकी कोणी आठवड्यातून एकदा जाऊन पंगतीला बसले, चव घेतली, तर त्यांनाही बरे वाटते आणि डाळीच्या मापावरही नजर राहते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहू नये. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ च्या सप्टेंबरात चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, तुम्हांला बाहेरच्या देशाची कोणती भाषा शिकावीशी वाटते? बहुतेकांनी सांगितले, जपानी. कारण यंत्रमानव आणि नवी यंत्रे तिकडची. शिकवायला कोणी नव्हते. मग २०२० च्या जुलैपासून, टाळेबंदीच्या काळात, शहरातल्या एका भाषातज्ज्ञाने फोनवरून फुकट शिकवायला सुरुवात केली आणि सत्तरेक पोरे जपानी शिकू लागली. ज्यांच्या घरी तसला फोन नव्हता त्यांना शिकलेली पोरे ‘विषयमित्र’ म्हणून झाडाखाली-ओसरीवर शिकवीत. मला जपानीपेक्षा ही विषयमित्राची युक्ती मोलाची वाटते. तिला ना पैसा लागतो ना वीज. खुद्द जपानात मुले आपला वर्ग आपणच झाडतात, जेवणही आपणच वाढून घेतात, आणि शरद ऋतूत शाळाशाळांतून गावकऱ्यांसकट खेळांचे मेळावे भरतात. आपल्याकडचे शेण-सारवणाचे शनिवार आठवतात का कोणाला?

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो आला नाही तर वरचे सारे नुसते सणाचे वर्णन ठरेल. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागिरी येते. त्या रात्री आई घरातल्या थोरल्या लेकराला पाटावर बसवून ओवाळते, नवे कापड देते. आणि मग पंधरा-वीस दिवसांत, दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळ्या आणि पोरे भरून कितीतरी घरे कारखान्याच्या वाटेला लागतात. तिथे उसाच्या फडाच्या बांधावर धाकट्या भावाला झोळीत हालवत बसलेली असते ती हीच थोरली, जिला कोजागिरीला ओवाळले.

कन्नडच्या तांड्यांवर हे चित्र नवे नाही. बीडला तर ते घरोघर आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली की ती फेडीपर्यंत सुटका नाही. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलला आटोपते. पहिली ते पाचवीला वर्षात निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असा कायदा आहे. त्यांतले जवळजवळ अर्धे दिवस ह्या पोरांचे फडावर जातात. तिसरीतले मूल परत येते तेव्हा वर्ग भागाकारावर गेलेला असतो आणि ते गुणाकारच विसरलेले असते. पुढच्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी ते स्वतःच म्हणते, मला नाही जायचे शाळेत. तांड्यावरच्या मुलाला तर आणखी एक अडचण. ते घरी गोरमाटी बोलते, मराठी त्याला शाळेतच भेटते. पाच महिने शाळा सुटली की भाषाही सुटते.

आईबापांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात उभी पिके गेली, जमिनी खरवडून निघाल्या. घरात दाणा नाही, डोक्यावर देणे, अशा माणसाला शिक्षणाचे महत्त्व सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याचे काय जाते? आई म्हणते, ‘लेकराला कोणाच्या भरवशावर ठेवू?’ प्रश्न खरा आहे आणि त्याला भरवसाच उत्तर आहे, भाषण नव्हे.

भरवशाच्या वाटा थोड्या का होईना आहेत. एक म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृहाचे असले तरी पुष्कळ ठिकाणी मुले आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडेच राहतात आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते; दुपारचे शाळेत असतेच. समग्र शिक्षा योजनेतून त्याला पैसा मिळतो. गोम अशी की त्यासाठी किती मुले मागे राहणार त्यांची यादी आधी जावी लागते, आणि मंजुरी, पैसा यांना उशीर होतो हा गावोगावचा अनुभव आहे. म्हणून समितीची बैठक भादव्यातच लावली पाहिजे, उचल घेण्याच्या दिवसांत. कोण जाणार, कोणाची मुले किती, घरात म्हातारे माणूस आहे का, ते मुख्याध्यापकांनी लिहून घ्यावे आणि यादी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. दिवाळी झाल्यावर यादी केली तर यादीतली मुले तोवर सोलापूर-कोल्हापूरला पोचलेली असतात.

ह्या समितीबद्दल पुष्कळांना वाटते की ते सरपंचांचे काम. तसे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश माणसे पालकच हवीत आणि निम्म्या बाया हव्यात. मुलाची आई तिथे बोलायला हक्काने बसू शकते. सही करून घरी पाठवलेली बाई आणि बोललेली बाई यांत फरक आहे, तो यादीत दिसतो. सरकारने २०२१ साली ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ८२ वसतिगृहे मंजूर केली, संत भगवानबाबांच्या नावाने. आपल्या तालुक्याला त्यांतले आहे का आणि ते चालू झाले का, हे विचारायचे कामही समितीचेच.

मुले बरोबर न्यावीच लागली, तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. मूल कितवीत आहे, कुठवर शिकले आहे हे त्यावर असते. ते दाखवून कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी शाळेत मुलाला बसवता येते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून किंवा जन्माचा पुरावा जवळ नाही म्हणून नाव घ्यायला कोणी नकार देऊ शकत नाही, असे कायदा सांगतो. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवावे. खोपीत उंदीर आणि पाऊस दोन्ही असतात.

कापसाची गोष्ट वेगळी. तिथे घर सुटत नाही, पण शाळा सुटते. दसऱ्याच्या सुमाराला बोंडे फुटतात, सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिली वेचणी सुरू होते. मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोवर मागतो ते परवडत नाही. झाड पोराच्या उंचीचे आणि पोराची बोटे चपळ. मग ‘आजचा दिवस’ म्हणून घरी ठेवतात. आजचा दिवस आठवड्यातून दोनदा येतो. शिक्षकांना हे हजेरीवर दिसते: सोमवारी तीस, बाजाराच्या दिवशी अठरा. कायदा (२०१६ ची दुरुस्ती) चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावू देतो. शाळेच्या वेळात नाही, आणि दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला तर नाहीच. दिवाळीची सुट्टी नेमकी वेचणीच्या भरात येते. तेव्हा मुलाने सकाळी दोन तास वेचले तर त्याचे काही बिघडत नाही. उलट किती किलो झाले, दर काय, पैसे किती, हा हिशेब त्यालाच करू द्यावा.

मात्र फवारणी झालेल्या कापसात मुलाला पाऊल टाकू देऊ नका. २०१७ साली ह्याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या औषधाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. धडधाकट माणसांची ती गत, तर लेकराच्या अंगात किती बळ असते? औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी नेणारी घरे अजून दिसतात, म्हणून लिहावे लागते.

पोरे गेली की शाळेचेही दिवस फिरतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची चर्चा २०२३ पासून आहे. एकत्र शाळेत शिक्षक अधिक, खोल्या चांगल्या, हे खरे असू शकते. पण तांड्यावरची सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून तीन किलोमीटर रोज जाईल का, हे कागदावर दिसत नाही. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम झाला तो ह्याचसाठी. तेव्हा मागे राहिलेली दहा-बारा मुले रोज शाळेत गेली, तर गावाची शाळाही जागेवर राहते. ज्यांची मुले घरीच आहेत त्या घरांनी एवढे पाहावे, की जाणाऱ्या शेजाऱ्याचे पोर सकाळी आंघोळ करून आपल्या पोराबरोबर बाहेर पडते का.

शेवटी मागे राहणाऱ्या आज्यांबद्दल. सगळा भार त्यांच्यावर पडतो आणि त्यांना कोणी विचारत नाही. दोन नातवंडे, डोळ्यांना कमी दिसते, चूल फुंकायची. जाण्यापूर्वी लेकाने तीन कामे करून ठेवावीत. शाळेतल्या बाईंशी किंवा गुरुजींशी आजीची गाठ घालून द्यावी आणि त्यांचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहावा. आठवड्यातून एक वार ठरवून त्या दिवशी फडावरून फोन करावा आणि मुलाला काय शिकलास ते विचारावे, नुसते जेवलास का एवढेच नव्हे. तिसरे रेशनचे. कार्डावर आजीचे नाव आहे का, तिचे आधार जोडलेले आहे का आणि यंत्रावर तिचा अंगठा उठतो का, ते दुकानात जाऊन आधीच बघावे. एकाच कार्डावर थोडे धान्य बाहेरगावी आणि बाकीचे गावात उचलता येते. बाहेर सगळेच उचलून बसलात तर महिनाअखेर आजीच्या डब्यात काही उरत नाही.